वाहनबंदीच्या एकोणीस दुपारी

कडुनिंबाचा मोहर गळून ओट्यावर त्याचा चुरा साचायला लागला, की आमच्या बाजाररोडवर दोन वास बरोबरच येतात. एक कोऱ्या कापडाचा आणि दुसरा डिझेलच्या धुराचा. लग्नसराई लागली हे बघायला मला पंचांग उघडावं लागत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला बस्त्याची पहिली जीप आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन आडवी होते. तिच्यातून नवरदेवाचे चुलते उतरतात, मावश्या उतरतात, दोन आत्या उतरतात, त्या एकमेकींशी बोलत नसतात. सगळ्यात शेवटी एक म्हातारबा उतरतो, धोतर झटकतो, आणि रस्ता आपल्या सातबाऱ्यावर असल्यासारखा मधोमध उभा राहून तंबाखू मळतो. मागचा हॉर्न वाजवतो. त्याच्या मागचा वाजवतो. ज्याला पुढं काय झालंय हे दिसतही नाही, तो सगळ्यात मोठ्यानं वाजवतो. हे संध्याकाळी सातपर्यंत चालतं, आणि मी खिडकी लावून आत बसतो. खिडकी लावली की उकडतं. उघडली की कान जातात. गेल्या कित्येक उन्हाळ्यांपासून मी त्या खिडकीची उघडझाप करून राह्यलोय. माणसानं आयुष्यात काहीतरी सातत्यानं केलं पाहिजे म्हणतात, ते मी हे केलं.

यंदा पुन्हा बाजाररोडवर वाहनबंदी करायची चर्चा निघाली आहे. सोमवारी नगरपालिकेत बैठक आहे. आज सकाळीच समोरच्या कापडदुकानाचे गोविंदशेठ येऊन चार आखीव कोरे कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले. "गुरुजी, टाइम न्हाई जास्त. मागच्यासारखंच लिहा, बिलकुल तसंच. संध्याकाळी घेऊन जातो."

मागच्यासारखंच. ते कागद सकाळपासून माझ्यासमोर पडलेत, पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मी मायची टकळी ठेवली आहे. लोकर कातायची लाकडी टकळी. आमच्या घरात अशा दोन होत्या. आता एक आहे.

माझी ओळख सांगायची तर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे. यापलीकडं माझ्यात सांगण्यासारखं काही नाही, असं माझी बायको सुनंदा म्हणते, आणि अक्षराबद्दलही तिला शंका आहे. पण गावाला नाही. नळाला पाणी येत नाही म्हणून अर्ज, येतं पण गढूळ येतं म्हणून अर्ज, शेजाऱ्याच्या कोंबड्यांविरुद्ध अर्ज, आणि त्याच शेजाऱ्याचा खुलासा. सगळं माझ्याच हातचं. लोक म्हणतात, गुरुजींच्या अक्षरातला कागद साहेब लोक फेकत नाहीत. हे वाक्य एकदा कुणी उच्चारलं, की मी पेनाचं टोपण काढलेलंच असतं. कशाबद्दल लिहायचंय हे मी नंतर विचारतो.

तीन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत मी असाच टोपण काढून बसलो होतो.

त्या वर्षी मायला रस्ता ओलांडायचा होता. म्हणजे खरं तर ओलांडायचाही नव्हता, नुसता चालायचा होता. आमची गल्ली बाजाररोडला मध्यावर मिळते. तिथून उजव्या हाताला सरळ गेलं की जुन्या वेशीजवळ गयामावशीचं घर. गयामावशी मायच्या माहेरची, एकाच वस्तीवरची. दोघींचे बाप मेंढरं घेऊन एकाच वाटेनं हिंडायचे, दोघी एकाच बैलगाडीतून या गावात सुना म्हणून आल्या, आणि इथं आल्यावर दोघींच्या घरांत चारशे पावलांचं अंतर पडलं. पावलं मायनंच मोजलेली. पन्नास वर्षं ती चारशे पावलं रोज दुपारी चालली गेली. कधी ही तिकडं, कधी ती इकडं. मग गयामावशीचे गुडघे गेले, आणि ती यायची बंद झाली. पुढं बाजाररोडवर एका मोटरसायकलचा आरसा मायच्या कोपराला लागला. जखम काही फार नव्हती. पण त्या दिवसापासून माय गल्लीच्या तोंडाशी जायची, चप्पल घालून, पिशवीत टकळी घेऊन, अर्धा अर्धा तास उभी राहायची, आणि परत यायची. "आज लईच गर्दी हाय," म्हणायची. जणू उद्या नसणार आहे.

आता कुणीही म्हणेल, अहो गुरुजी, तुमच्याकडं स्कूटर आहे, मायला मागं बसवा आणि सोडा. हा सल्ला देणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नसते, आणि मी ती सहसा सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मायला स्कूटरवर राजूरच्या गणपतीला नेलं होतं. परत येताना मी तिला शिक्षकांच्या बदल्यांमधलं राजकारण समजावून सांगत होतो. एका गतिरोधकावर स्कूटर जराशी उडाली. मी बोलत राहिलो. माय हूं म्हणत नव्हती. पण माझ्या बोलण्याला हूं न म्हणणं आमच्या घरात काही नवीन नाही. पुढच्या फाट्यावर चहा घ्यावा म्हणून थांबलो, तेव्हा कळलं की मागची सीट रिकामी आहे. घामाघूम होऊन उलटा गेलो, तर माय एका बाभळीखाली बसून प्रसादाचे पेढे कुण्या म्हातारीबरोबर वाटून खात होती. धुळीशिवाय तिला काही लागलं नव्हतं. मला बघून म्हणाली, "आलास व्हय? मंग, झाली का बदली?"

तेव्हापासून ती माझ्या गाडीवर बसत नाही. "म्या काय पोतं हाय का, पडलं तर पडलं?" रिक्षावाले एवढ्याशा अंतराला येत नाहीत, आणि आलेच तर चारशे पावलांच्या रस्त्यात अर्धा तास अडकतात. आणि मायचं खरं म्हणणं वेगळंच होतं. "मह्या पायांनी जाते मी. पाय हायेत ना मला?"

पाय होते. रस्ता नव्हता.

म्हणून तिनंच मला निवेदन लिहायला बसवलं. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या गोळा केल्या आणि ओट्यावर बसून सांगायला लागली. "लिही. आमाला चालायचं हाय. दुपारी दोन ते सहा गाड्या बंद करा. बस, एवढंच." मी त्याला माझ्या पद्धतीनं सजवलं, 'विनम्रपणे निवेदन करण्यात येते की' घातलं, 'ज्येष्ठ नागरिक' घातलं, 'जीवितास धोका' घातलं. वाचून दाखवलं तर माय म्हणाली, "लई लांबवलंस. चालायचं हाय एवढं कुठंय यात?" ते खरंच राहून गेलं होतं. शेवटी ताजा कलम म्हणून टाकलं. खाली बारा अंगठे उठले.

आणि कुणाला खरं वाटणार नाही, पण नगरपालिकेनं ऐकलं. नव्या मुख्याधिकारी मॅडम आल्या होत्या, त्यांना स्वतःलाच या रस्त्यावरून ऑफिस गाठता येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात प्रायोगिक तत्त्वावर वाहनबंदी जाहीर झाली, दुपारी दोन ते सहा. दोन्ही तोंडांना तेलाचे रिकामे ड्रम ठेवून मध्ये दोर बांधला, आणि पाटी रंगवायला अर्थातच मला बोलावलं. पिवळ्यावर काळी अक्षरं, 'वाहनांस प्रवेश बंद'. 'प्र'ला मी जी गाठ दिली होती तशी गाठ जालन्यातल्या पेंटरलाही जमली नसती. हे दाखवायला मी मायला तिथं घेऊन गेलो. तिनं पाटीकडं बघितलं नाही. तिनं दोराच्या पलीकडं बघितलं.

पहिल्या दुपारची गंमत आठवते. रस्ता मोकळा, बाजाररोड या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा पडलेला, वितळलेलं डांबर उन्हात चमकतंय, आणि लोक कुठून चालतायत, तर गटाराच्या कडेनं. एकामागोमाग एक, अंग चोरून, मधूनमधून मागं वळून बघत. वर्षानुवर्षांची सवय. मीही तसाच चाललो होतो. मधोमध चालणारी एकटी माय. नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात काठी, खांद्याला पिशवी. ना इकडं बघणं, ना तिकडं. मी कडेनं ओरडलो, "माय, बाजूनं चाल ना!" ती म्हणाली, "बाजूनं कामून? मधी काय हाय?"

मध्ये काहीच नव्हतं. मला तिचं ते चालणं कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं, आणि मग लक्षात आलं.

या रस्त्यावरची पहिली वाहनबंदी आमच्या मेंढरांनी केली होती. मी शाळकरी असताना, याच दिवसांत, शेतं रिकामी झाली की आसपासच्या गावचे शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवायला बोलवायचे, आणि दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कळप एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाताना बाजाररोडवरून जायचा. दुसरी वाट नव्हती. पुढं दादा, मागं माय, तिच्या डोक्यावरच्या पाटीत दोन दिवसांचं कोकरू, आणि मध्ये लोकरीचा, धुळीचा, लेंड्यांचा एक सबंध पूर. समोरून एसटी आली तर ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचा आणि चहा प्यायचा. हॉर्न कुणी वाजवत नसे, कारण हॉर्न वाजवला की मेंढरं दुकानांत शिरत. गोविंदशेठचे वडील लुगड्यांचे लोंबते पदर वर ओढून घेत आणि हसत. सगळा बाजार तेवढा वेळ गप उभा. नुसता खुरांचा आवाज, भर उन्हात सर पडावी तसा.

मी मात्र तेव्हा दप्तर डोक्यावर घेऊन शेठच्याच दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांमागं लपायचो. वर्गातल्या पोरांना दिसू नये, की मागं चालणारी बाई माझी आई आहे. आज मी ते लोकांना अभिमानानं सांगतो. तेव्हा लपलो होतो हे सांगत नाही. आज पहिल्यांदाच लिहितोय.

तर माय त्या पहिल्या दुपारी तशीच चालली होती. पुढं कळप असल्यासारखी.

एकोणीस दुपारी ती अशी गेली. मी मोजल्या नाहीत, तिनं मोजल्या. अडीचला निघायची, ऊन मी म्हणत असायचं. गयामावशीच्या ओसरीत दोघी भिंतीला टेकून टकळ्या फिरवत बसायच्या. लोकर कुठली, तर जुन्या घोंगड्या उसवून काढलेली. ते सूत कुणाला नको होतं. सुनंदा एकदा म्हणाली, "आत्याबाई, याचं करायचं काय?" माय म्हणाली, "करायचं काय म्हंजे? कातायचं." साडेपाचला ती परत यायची, आणि तिच्या अंगाला लोकरीचा तो वास यायचा, जो आमच्या घरातून दादांबरोबर गेला होता.

आणि रस्ता! हॉर्न थांबल्यावर त्याच्याखाली किती आवाज दबलेले होते ते ऐकू यायला लागलं. टेलरच्या कात्रीचा आवाज. रसवंतीचे घुंगरू. वाळवणाच्या चादरी झटकणाऱ्या बायका आणि त्यांची भांडणं. कोण कुणाला काय म्हणतंय ते शब्दाशब्दानं कळायचं, त्यामुळं भांडणंही जरा सांभाळून व्हायला लागली. मी त्या दिवसांत खिडकी उघडी टाकून दुपारी झोपलो. एवढा सुखाचा उन्हाळा मी काही कमावलेला नव्हता, हे मला कळायला हवं होतं.

कारण शेठ आले. चहा घेतला. माझ्या अक्षराची तारीफ केली.

"गुरुजी, तुम्हीच सांगा," शेठ म्हणाले, "बस्तेवाले पायी येतील का? चाळीस माणसं घेऊन येतात ते. नवरदेवाची आत्या आधीच रुसलेली असते. तिला वेशीपासून उन्हात चालत आणली, तर ती साडी बघंल का लग्न मोडंल? मागच्या आठवड्यात अंबडकडचा एक बस्ता दोर बघून वापस गेला, जालन्याला. चार पिढ्यांचं गिऱ्हाईक हाय, गुरुजी."

शेठ खोटं बोलत नव्हते. माणूस वाईट नाही. दादा गेले त्या दिवशी दुकान बंद ठेवणारा हा एकटाच. आणि मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग. मी टोपण काढलं. लिहिता लिहिता मला शेठचं पटतही गेलं, हा माझा दुसरा रोग. 'व्यापाऱ्यांची उपजीविका' लिहिलं, 'ग्रामीण भागातील वयोवृद्ध ग्राहकांची पायपीट' लिहिलं. एका निवेदनात म्हाताऱ्यांसाठी गाड्या बंद करा, दुसऱ्यात म्हाताऱ्यांसाठीच चालू करा. दोन्ही वाक्यं माझीच, आणि दोन्ही लिहिताना माझे डोळे भरून आलेले.

बैठक झाली. नगरपालिकेचा हॉल, दोन कूलर, त्यातला एक नुसता आवाज करणारा. मॅडमनी एका हातात एक निवेदन घेतलं, दुसऱ्या हातात दुसरं, आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "ही दोन्ही एकाच माणसानं लिहिलीत का?"

अख्खा हॉल वळून माझ्याकडं बघायला लागला.

"अक्षर गुरुजींचं हाय, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं, "मत ज्याचं त्याचं हाय."

हशा झाला. मी उठून म्हणालो, "मी फक्त लिहून देतो." हे वाक्य मला आजही रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी आठवतं, नळावर पाणी भरताना, फळ्यावर तारीख लिहिताना.

"तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?" मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, "दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे." आणि बसलो. त्या दिवशी त्या हॉलमध्ये एकट्या मायच्या बाजूनं बोलणारं कुणी असू शकलं असतं, तर तो मी होतो.

मग सगळेच बोलले. खताच्या दुकानदाराचं म्हणणं, सरकीची पोती डोक्यावर न्यायची का? दवाखान्यातून चिठ्ठी आली, पेशंटला सूट द्या. दूधवाल्याला सूट, गॅसवाल्याला सूट. एकानं सांगितलं की वाहनबंदीला त्याचा संपूर्ण पाठिंबा आहे, फक्त ती त्याच्या दुकानाच्या पुढं सुरू व्हावी. मॅडमनी ज्याला त्याला सवलत दिली, कारण ज्याचं त्याचं खरंच होतं. शेवटी बस्त्याच्या गाड्यांनाही, लग्नपत्रिका दाखवली तर, सूट मिळाली. सवलतीचे पास लिहायला कुणाला बोलावलं हे वेगळं सांगायला नको. विसाव्या दिवशी मी दोराजवळ उभा राहून बघितलं, तर गावात जिच्याकडं पास नाही अशी एकच गाडी उरली होती, ती माझी स्कूटर.

बंदी उठवली असं कुणी जाहीर केलं नाही. एका दुपारी दोर कुणीतरी सोडला आणि दुसऱ्या दिवशी बांधला नाही, एवढंच. ड्रम कुणीतरी पाणी साठवायला नेले. पाटी अजून उभी आहे. 'प्रवेश बंद'वर सध्या ओढण्या टांगतात.

माय विसाव्या दुपारी निघाली, गल्लीच्या तोंडाशी गेली, उभी राहिली. परत आली. "आज लईच गर्दी हाय," म्हणाली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. तिनं मला काही विचारलं नाही. दुसरं निवेदन कुणाच्या हातचं, ते तिला कुणीतरी सांगितलंच असणार.

पुढच्याच पंधरवड्यात कळलं की गयामावशीचा मुलगा तिला कायमचं पुण्याला नेतोय. फ्लॅट पाचव्या मजल्यावर. मायनं ऐकलं आणि भाकरी थापत राहिली. मुलगा भला माणूस. म्हणाला, जाताना गाडी तुमच्या गल्लीशी मिनिटभर थांबवतो, दोघी भेटतील. मायनं त्या दिवशी सकाळपासून टकळी पुसून ठेवली, दुसरीही ठेवली. गयामावशीची टकळी एकोणिसाव्या दुपारी चुकून मायच्या पिशवीतून आमच्याकडं आली होती.

माझ्याकडं काम दिलं होतं, की मावशीचं एक बोचकं गाडीत मावत नव्हतं, ते स्कूटरवर जालनारोडच्या फाट्यापर्यंत पोचवायचं. तिथून ते एका टेम्पोत जाणार होतं. म्हणून मी पुढं, मागं मावशीची गाडी, आणि भर दुपार, लग्नाची दाट तिथी, त्यामुळं तिच्या मागं गावभरच्या जीपा. वेशीपासूनच हॉर्न सुरू झाले. मी आरशात बघत होतो. मुलगा गाडी हळू करायचा, मागचे अंगावर यायचे, तो पुन्हा पुढं दामटायचा. चारशे पावलं होती. मला स्वच्छ दिसलं की ही गाडी थांबणार नाही. मिनिटभरही नाही. माय गल्लीच्या तोंडाशी उभी असेल, हातात टकळी, आणि काचेमागून एक हात हललेला दिसेल, बस.

मला आठवतं ते एवढंच, की मी चालत्या गाडीवर खाली वाकलो होतो.

स्कूटर अजून थोडी गेली. बरोबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी भकभकली, दोन हिसके दिले, आणि बंद पडली. अगदी मधोमध, आणि मी घाबरून उतरताना ती जरा आडवीही झाली, बोचक्यासकट. आता बाजूनं सायकलही जाणार नव्हती. मी किक मारली. पुन्हा मारली.

"ओ गुरुजी! घ्या ना साइडला!"

"लॉक झालंय चाक," मी म्हणालो. मी खोटं फार वाईट बोलतो, पण हॉर्नमध्ये कुणाला कळलं नाही.

"मास्तर, हटवा ना ती भंगार! मुहूर्त टळून राह्यला आमचा!" मागून कुणी नवरदेवाचा मामा ओरडला. मी किक मारत राहिलो. कानांतून वाफा निघत होत्या, सदरा पाठीला चिकटला होता. ज्या गावात मी तोपर्यंत कुणाला नाही म्हटलं नव्हतं, ते सगळं गाव माझ्या मागं उभं राहून मला शिव्या घालत होतं, आणि त्यातले निम्मे माझे विद्यार्थी होते. गोविंदशेठ दुकानातून धावत आले. अडकलेल्या जीपांत त्यांचाच बस्ता होता.

"धक्का देऊ का, गुरुजी?"

"नको नको. इंजिन गरम झालंय. जरा थंड होऊ द्या."

शेठनं खाली वाकून स्कूटरकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग मान वर करून मागं बघितलं, जिथं माय गल्लीतून निघून थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत मावशीच्या गाडीकडं चालली होती. काठी टेकत, मधोमध, ना इकडं बघणं ना तिकडं. शेठ वळून जीपवाल्यांना म्हणाले, "अरे थंड होऊ द्या जरा इंजिन! बस्ता कुठं पळून चाललाय का?"

मी तिकडं जाऊ शकत नव्हतो, मला किक मारायची होती. कानावर पडलं तेवढं असं, की मायनं काचेतून टकळी आत दिली आणि विचारलं, "तिकडं चालायला जागा हाय का गं?"

"खाली बाग हाय म्हणं. लिफ्टनं उतरायचं."

"मंग उतरत जाय. बसून नको राहू."

"तू येशील का?"

"आता कुठं येती मी."

टकळी देऊन झाली तरी मायचा हात काचेतून आत होता. पाव तास गेला असेल. मग मायनंच हात बाहेर काढला आणि मला हाक मारली, "लाव आता चालू." मी वाकलो, आणि पुढच्या किकला स्कूटर चालू झाली.

संध्याकाळी जेवताना मायनं विचारलं, "तुही गाडी काऊन बंद पडल्ती रे?"

"पेट्रोलचा कॉक बंद होता."

"कुणी केल्ता?"

"मीच."

ती भाकरीचा तुकडा मोडत होती. मला वाटलं, आता हसेल. ती म्हणाली, "मंग आधी कामून न्हाई केला? ते शेठचं लिवलंस तवा?"

सुनंदानं माझ्या ताटात आमटी वाढली. मी जेवलो.

त्याला तीन वर्षं झाली. गयामावशी फोनवर बोलते, पण तिला ऐकू येत नाही आणि मायला फोन उलटा धरायची सवय आहे. आणि आता, मॅडमही बदलून गेल्यावर, गावाला पुन्हा वाहनबंदी आठवली आहे. या वेळी म्हणे सवलती नाहीत, मध्ये बाकं टाकणार, झाडं लावणार. चिडायला होतं ते यामुळंच. सगळं होतं आमच्याकडं, फक्त ज्या दुपारी पाहिजे त्या दुपारी नसतं.

मघाशी मी ओट्यावर जाऊन मायला विचारलं, "या टायमाला पुन्हा लिहू का तुम्हा म्हाताऱ्यांकडून?"

"आता मला कुठं जायचं हाय?" ती रस्त्याकडं बघत म्हणाली. एक जीप आडवी झाली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "लिही पण. दुसरं कोन्ही उभं राहत असंल असंच." आणि मी वळलो तशी मागून, "चालायचं हाय, हे वर लिही. खाली नको."

ते मी वर लिहिलं. शेठच्याच कागदांतल्या एकावर. तीन कागद कोरे राहिले.

दिवेलागणीला शेठ आले. उन्हानं चेहरा काळवंडला होता, सराई चांगली दिसत होती. मी तीन कोरे कागद त्यांच्यापुढं केले.

"शेठ, तुमचं नाही झालं. पेन बंद पडलंय."

शेठनं टेबलावरच्या लिहिलेल्या कागदाकडं बघितलं. त्याच्यावरची टकळी त्यांनी हळूच उचलली, पहिली ओळ वाचली, आणि टकळी जिथल्या तिथं ठेवली. मग कोरे कागद घडी घालून खिशात टाकत दारापर्यंत गेले, आणि तिथून वळून म्हणाले,

"कॉक बघितला का, गुरुजी?"